औषधं बदलून झाली, पानावरचे ठिपके जात नाहीत: दोष हवेत आहे का, हे कसं तपासायचं

रब्बी निम्मी झाली की मार्च-एप्रिलपर्यंत माझ्याकडे शेतकऱ्यांचे एकाच प्रकारचे फोटो येत राहतात. जुन्या पानांच्या वरच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी, तांबूस नाहीतर जांभळट ठिपके असतात. पान उलटं केलं की खालची बाजू बऱ्यापैकी स्वच्छ. शिरा हिरव्या, शिरांमधला भाग हळूहळू तांब्याच्या रंगावर जाणारा, शेंडा मात्र ताजातवाना. पुढे ती खालची पानं वेळेआधीच पिवळी पडून गळतात. बटाटा, घेवडा, मूग, उन्हाळी सोयाबीन, कलिंगड, द्राक्ष अशा पिकांत हे जास्त दिसतं. गव्हात ठिपके फारसे नजरेत भरत नाहीत, पानं लवकर पिकतात आणि दाणा बारीक राहतो. फोटोखाली ओळ ठरलेली: "दुकानदारानं दोन औषधं दिली, फरक नाही."

याच्या जोडीला आणखी तीन प्रकार येतात. एकात पानाची कड आणि टोक जळतं, आणि मेलेला भाग व हिरवा भाग यांच्यामध्ये तांबडी-तपकिरी रेघ असते. दुसऱ्यात शिरांमधला भाग दोन-तीन दिवसांत हस्तिदंती पांढरा पडून वाळतो. शेजारी लसूणघास असेल तर तो आधी बसतो. तिसऱ्यात पानावर राखाडी किंवा काळपट थर असतो, आणि त्या थराखाली लाल कोळी वाढलेला असतो.

पहिल्या प्रकारात संशय जमिनीलगतच्या ओझोनवर, म्हणजे धूर आणि उन्हातून हवेत तयार होणाऱ्या वायूवर जातो, कड जळण्यात फ्लोराइडवर, पांढरं पडण्यात सल्फर डायऑक्साइडवर आणि थराच्या बाबतीत अर्थातच धुळीवर. पण हा नुसता संशय. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ शेवटी अन्नद्रव्यात, कोळ्यात नाहीतर शेजाऱ्याच्या तणनाशकात निघतं. म्हणून आधी फुकटच्या तपासण्या, खर्चाच्या नंतर. आणि खाली दिलेला क्रम मोडू नका, कारण प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचा खर्च वाचवते.

आधी बांधावर जा

पिकाकडे पाहण्याआधी बांधावरची तणं पाहा. करपा, तांबेरा, भुरी हे रोग आपापलं पीक निवडतात. बटाट्यावरचा करपा गाजर गवतावर जात नाही. हवा मात्र असा भेद करत नाही. तुमच्या घेवड्यावर, शेजारच्या कलिंगडावर आणि बांधावरच्या दोन-तीन वेगळ्या तणांवर सारख्याच खुणा दिसल्या, तर रोगाची शक्यता एकदम कमी होते. मग उरतात हवा आणि तणनाशक.

मात्र "मका स्वच्छ आहे, म्हणजे हवा बरी आहे" असा अर्थ काढू नका. मका, ज्वारी ही पिकं ओझोन बऱ्यापैकी सोसतात. पाहायची ती कडधान्यं, बटाटा, गहू. उलट बाजूनं, खुणा एकाच पिकाच्या एकाच वाणावर असतील तरी ओझोन लगेच बाद होत नाही, कारण वाणावाणांत मोठा फरक असतो. अमेरिकेत १९५० च्या दशकात तंबाखूच्या पानांवर हवामानाचे डाग म्हणून ओळखले जाणारे ठिपके पडत. १९५९ मध्ये त्यांचं कारण ओझोन असल्याचं सिद्ध झालं, आणि त्यातून बेल-डब्ल्यू-३ नावाचा अतिसंवेदनशील तंबाखू हवा ओळखायला वापरात आला. त्याच्या शेजारी सहनशील वाण लावला तर एकावर ठिपके, दुसरा स्वच्छ.

पानावर पान कुठे होतं ते बघा

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी. पैसा लागत नाही, दोन मिनिटांचं काम आहे. एका पानावर दुसरं पान झुकलेलं असेल अशी जागा शोधा आणि वरचं पान बाजूला करा. खालच्या पानाचा उन्हात असलेला भाग ठिपक्यांनी भरलेला आणि सावलीतला भाग, वरच्या पानाच्या आकारातच, हिरवागार दिसला तर ओझोनचा संशय पक्का होत जातो. ओझोनची इजा उन्हातल्या वरच्या पृष्ठभागावर उठते. बुरशीला सावलीचं वावडं नाही, उलट तिथे ओल टिकते म्हणून ती आधी तिथेच बसते.

त्याच पानावर आणखी दोन गोष्टी पाहा. ठिपके शिरांवर आहेत का? ओझोनचे ठिपके शिरांच्या मधल्या जागेत राहतात, बारीक शिरासुद्धा ओलांडत नाहीत. आणि बोट फिरवल्यावर काही उंचवटा, भुकटी, गोल गोल कडी लागते का? कडी दिसली की तो करपा, पुढचं वाचायची गरज नाही. भुकटी बोटाला लागली तर तांबेरा किंवा भुरी.

वयही महत्त्वाचं. जुनं पान जास्त दिवस हवा खात असतं, म्हणून इजा खालून वर कमी होत जाते. सगळ्यात कोवळ्या पानावर आधी खूण आली असेल तर हवा बाजूला ठेवा आणि फुलकिडे, विषाणू किंवा बोरॉन-कॅल्शियमकडे वळा.

धुवा, पुसा, भिंग लावा

दहा पानं तोडून साध्या पाण्यात धुवा. डाग गेला तर ती धूळ होती, इजा नव्हे. धुळीचं नुकसान खरं असतं, पण तिचा इलाज वेगळा आहे. ती उजेड अडवते, पानाची रंध्रं बुजवते, फुलावर बसली तर परागीभवनात अडथळा आणते. शिवाय धुळीत कोळी खाणारे मित्रकीटक टिकत नाहीत, म्हणून कच्च्या रस्त्याच्या कडेच्या चार ओळींत लाल कोळी नेहमी आधी दिसतो. खालच्या बाजूला भिंगातून पाहिलं तर जाळी, हलणारे ठिपके आणि अंडी सापडतात. कोळ्यानं पडलेला तांबूस रंग आणि ओझोनचा तांबूस रंग लांबून सारखाच दिसतो, भिंगाखाली नाही.

सिमेंटची धूळ आहे की नुसती मातीची, हे ओळखायला लोक लिंबू पिळून पाहतात. सिमेंट भट्टीच्या धुळीत न भाजलेली चुनखडी असते, त्यामुळे ती फसफसते. पण विदर्भ-मराठवाड्याच्या बऱ्याच काळ्या जमिनींत चुनखडी असते, तीही फसफसते. आधी स्वतःच्या शेतातल्या मातीवर लिंबू पिळा. माती फसफसली तर या तपासणीला काही अर्थ नाही. कोरपना-राजुऱ्याकडचा सिमेंटचा पांढरा थर आणि घुग्घुस-वणीकडची कोळशाची काळी धूळ ओळखायला तिथल्या शेतकऱ्याला लिंबू लागतच नाही म्हणा. वेचलेला कापूसच सांगतो.

धूळच निघाली तर फवारणी पंपात नुसतं पाणी भरून सकाळी झाडं धुवा, रस्त्याकडेच्या ओळी आधी. दर आठवड्याला धुणं परवडत नसेल तर निदान फुलोऱ्याआधी एकदा. बांधावर शेवरी, बांबू, ग्लिरिसिडिया यांची दाट ओळ लावली तर दोन-तीन हंगामांत फरक दिसतो. रस्त्यावर पाणी मारायला खडी क्रशरवाल्याला भाग पाडणं हा खरा इलाज. त्याबद्दल शेवटी.

ओली पिशवी

डाग असलेली पाच-सहा पानं ओल्या वर्तमानपत्रासोबत प्लास्टिक पिशवीत घालून तोंड बांधा आणि घरात सावलीला दोन दिवस ठेवा. बुरशीचा डाग असेल तर बहुतेक वेळा त्यावर पांढरी, करडी किंवा काळी लव उगवते. काहीच उगवलं नाही तर बुरशीनाशकाचा पुढचा डबा विकत घेण्याआधी थांबा. निरोगी दिसणारी दोन पानंही वेगळ्या पिशवीत ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुजक्या पानावर काहीही उगवतं, ते रोग समजू नका.

"पण फवारल्यावर थांबलं हो," असं कुणी म्हणालं तरी तो पुरावा नाही. बेनोमिल हे जुनं बुरशीनाशक ओझोनची इजा कमी करतं, असं १९७० च्या दशकात तंबाखू आणि घेवड्यावरच्या प्रयोगांत दिसलं होतं. औषध लागू पडलं म्हणजे बुरशी होतीच, असं नसतं. शिवाय ढग आले की ओझोन आपोआप उतरतो आणि श्रेय डब्याला मिळतं. म्हणून इथून पुढे कुठलीही फवारणी करताना मधल्या चार ओळी कोऱ्या सोडा. त्या ओळींशी तुलना केल्याशिवाय औषधाबद्दल काही बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेजाऱ्यानं काय मारलं?

हवेतून येणाऱ्या इजेत आपल्याकडे सर्वात जास्त सापडणारा गुन्हेगार कारखाना नाही, तर तणनाशक. उसात, ज्वारीत किंवा गव्हात मारलेलं २,४-डी वाऱ्यानं उडून कापसावर किंवा द्राक्षावर आलं की पान अरुंद होतं, बोटं फुटल्यासारखं दिसतं, देठ पिळवटतो. ठिपके नसतात, आकार बिघडतो. पॅराक्वाट या दुसऱ्या तणनाशकाचा उडालेला तुषार मात्र ठिपकेच पाडतो, तेही सगळ्या जातींच्या पानांवर, आणि इथेच घोटाळा होतो. फरक असा की पॅराक्वाटचे ठिपके एका दिवसात पडतात, नंतर वाढत नाहीत, आणि वाऱ्याच्या बाजूच्या कडेला दाट, आत विरळ असतात. नव्यानं आलेली पानं स्वच्छ राहतात.

भांडणाच्या सुरात विचारू नका. "दादा, गेल्या आठवड्यात कुठला पंप वापरला?" एवढं पुरतं. कित्येकदा तोच पंप तुमच्या घरीही आलेला असतो, न धुता.

अन्नद्रव्याची पट्टी

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा-तांबूस हे चित्र मॅग्नेशियमच्या कमतरतेचंही आहे. कापसातला लाल्या तर सगळ्यांच्या ओळखीचा: मॅग्नेशियम कमी, त्यात थंड रात्री, की पान कडेपासून लाल होत जातं. पालाश कमी पडलं तर कड जळते आणि फ्लोराइडची शंका येते. निवाडा सोपा आहे. चार ओळींवर एक टक्का मॅग्नेशियम सल्फेट फवारा, चार कोऱ्या ठेवा, दहा-बारा दिवस वाट पाहा. जुनं पान हिरवं होणार नाही, पण लाली पुढच्या पानावर चढायची थांबली का ते बघा. कमतरतेत पानाचा मोठा पट्टाच रंग बदलतो आणि वर म्हटलेली सावलीची खूण दिसत नाही, हेही लक्षात ठेवा. माती परीक्षणाचा जुना अहवाल घरात असेल तर तो याच वेळी शोधा.

वारा आणि नकाशा

इथपर्यंत काही सापडलं नसेल तर आता हवा. कागदावर शेत काढा, उत्तर दिशा दाखवा, आणि इजा किती आहे ते चार कोपऱ्यांत लिहा. नंतर शेजाऱ्यांची शेतं. इजा एका दिशेनं कमी होत गेली तर उगम जवळ आहे: वीटभट्टी, चिमणी, क्रशर, कुक्कुटपालनाचा अमोनिया. थंडीत आपल्याकडे वारा बहुधा पूर्व-ईशान्येकडून येतो, म्हणून रब्बीतली इजा उगमाच्या पश्चिमेला आणि नैऋत्येला शोधा. पावसाळ्यात उलट. चिमणी पश्चिमेला असून रब्बी पिकाचं नुकसान पूर्वेला असेल तर तक्रार लिहिण्याआधी दोनदा विचार करा.

जुन्या आंब्याच्या किंवा वडाच्या खोडावरचं दगडफूल पाहायची सवय लावा. मसाल्यात घालतो तेच, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची जोडगोळी. सल्फर डायऑक्साइड त्याला सोसत नाही. १९७० मध्ये इंग्लंडमध्ये झाडाच्या सालीवर कोणती दगडफुलं उरली आहेत यावरून हवेतला सल्फर डायऑक्साइड अजमावण्याची मोजपट्टीच तयार झाली होती. आपल्याकडे ही तुलना घाटमाथ्यावर चालते. कोरड्या भागात मुळातच ते विरळ असतं, म्हणून सारखा पाऊस असलेल्या गावांतलीच झाडं एकमेकांशी ताडून बघा.

वीटभट्टीजवळच्या आंब्याचं वेगळं सांगतो. फळ वाटाण्याएवढं झाल्यावर टोक पिवळं, मग काळं पडतं आणि कडक होतं. हा भट्टीच्या धुराचा परिणाम असल्याचं उत्तर भारतात फार पूर्वीपासून माहीत आहे, आणि बोरॅक्सची फवारणी त्यावर उपाय म्हणून शिफारसीत आहे. पण भट्टी दीड किलोमीटरच्या आत असेल तर नुसत्या फवारणीवर विसंबू नका. चिमणीची उंची वाढवून घेणं किंवा फळ धरण्याच्या दिवसांत भट्टी बंद ठेवायला लावणं, यावर बोलणी करा.

दिशा सापडत नाही तेव्हा ओझोन

इजा सगळीकडे सारखी, आसपास धुराडं नाही, शेतं मैलोन्‌मैल तशीच. लोक इथे म्हणतात, "आमच्याकडे कुठलं प्रदूषण?" ओझोनचं गणित उलटं चालतं. तो कुठल्या चिमणीतून निघत नाही. गाड्या आणि कारखान्यांचे नायट्रोजन ऑक्साइड, त्यात कार्बनी वायू आणि कडक ऊन, एवढ्यावर तो हवेतच तयार होतो. शहरात गाड्यांचा ताजा धूर त्यातला बराच खाऊन टाकतो. वाऱ्याबरोबर पुढे गेल्यावर, शहरापासून लांबच्या शिवारात, त्याचं प्रमाण शहरापेक्षा जास्त निघू शकतं. म्हणून शहरातल्या हवा मोजणाऱ्या केंद्राचा आकडा तुमच्या शेताला लावताना तो कमी दाखवतोय असं धरा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर हवेचा एकच एकत्रित निर्देशांक दिसतो, आणि तो बहुतेक वेळा धूलिकणांवर ठरतो. ओझोनची ओळ वेगळी उघडा आणि दुपारी एक ते चारचे आकडे पाहा. आपलं आरोग्याचं मानक ८ तासांच्या सरासरीला दर घनमीटर १०० मायक्रोग्रॅम आहे. पिकांच्या संशोधनात मात्र मोजणी ४० पीपीबीच्या (हवेच्या अब्ज भागांत ४० भाग) वर, म्हणजे साधारण ८० मायक्रोग्रॅमपासून सुरू होते. दिवसाउजेडीच्या प्रत्येक तासाला त्या पातळीच्या वर जेवढं जाईल तेवढं तीन महिने बेरजेत धरतात. गव्हात ही बेरीज ३००० पीपीबी-तास झाली की साधारण ५ टक्के घट येते, असं युरोपातल्या प्रयोगांवरून ठरवलं आहे. म्हणजे मानकात बसणारी हवासुद्धा गव्हाला महाग पडू शकते, आणि पानावर एकही ठिपका न दिसता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशाचा ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन भात गेला. टक्केवारीत सर्वाधिक फटका कापसाला होता.

वेळ जुळते का तेही बघा. पाणी दिल्यावर तीन-चार दिवस सलग कडक ऊन आणि कमी वारा, त्यानंतर ठिपके, असं दोनदा झालं तर संशय बळकट. पाणी मिळालेल्या पिकाची रंध्रं उघडी असतात आणि ओझोन तिथूनच आत शिरतो. शेजारचं कोरडवाहू पीक म्हणूनच कधी कधी जास्त हिरवं दिसतं. यावरून पाणी तोडायचं मात्र नाही. ताणानं होणारं नुकसान त्याहून मोठं आहे.

इथे आलात तर बुरशीनाशक, टॉनिक, "स्ट्रेस" उतरवणारं औषध सगळं थांबवा. संशोधनात इथिलीन डाययुरिया, म्हणजे ईडीयू, हे रसायन वापरतात. ते दिलेलं आणि न दिलेलं पीक शेजारी ठेवलं की ओझोननं किती उत्पन्न खाल्लं ते कळतं. बनारस हिंदू विद्यापीठात गहू आणि मुगावर असं बरंच काम झालं आहे. पण ते मोजमापाचं साधन आहे, शेतकऱ्याचं औषध नव्हे. कुणी विकायला आणलं तर घेऊ नका. तुमच्या हातात उरतं ते वाण. शिवारात दोन-तीन वाण असतील तर कुणाची पानं जास्त दिवस टिकली ते लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी तेच पेरा.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

डोळे चुरचुरत असतील, घसा धरत असेल, अमोनिया किंवा क्लोरीनसारखा उग्र वास येत असेल तर पानं बघत बसू नका. वाऱ्याच्या आडव्या दिशेनं बाहेर पडा आणि ११२ वर फोन करा.

कड जळलेल्या पिकाचा चारा जनावरं खात असतील आणि ती लंगडू लागली, दातांवर डाग दिसू लागले, तर चारा बदला आणि पशुवैद्यकाला बोलवा. चाऱ्यातून फ्लोराइड हाडांत साठतं, ते घरी ओळखण्यासारखं नाही.

एका रात्रीत अनेक पिकं एकाच बाजूनं भाजली तर त्याच दिवशी कृषी सहायकाला आणि तलाठ्याला कळवा, पंचनामा मागा, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. क्रशरच्या धुळीचीही तक्रार तिथेच. पीक विम्यात हे बसेल असं गृहीत धरू नका. नमुने दोन घ्या, उगमाजवळचा आणि लांबचा, त्याच पिकाचे, त्याच वयाच्या पानांचे, कागदी पिशवीत, न धुता. पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो तारखेसह. फ्लोराइड किंवा गंधकाचं पृथक्करण कृषी विज्ञान केंद्रामार्फत विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत करता येईल का ते आधी फोन करून विचारा. द्राक्षासाठी मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. भरपाईसाठी पुण्यातल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या खंडपीठाकडे जायचं असेल तर कारण घडल्यापासून पाच वर्षांची मुदत असते, पण पानं पाच दिवसांत वाळतात. वकील नंतर शोधा, नमुना आज घ्या.